कविवर बनारसीदास : छंदांचा ताळेबंद ठेवणारा व्यापारी

स्मरणिकांतून आचार्यांची व मुनिवर्यांची चरित्रे नेहमी वाचावयास मिळतात आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका गृहस्थाचे चरित्र सांगावयाचे आहे. तो व्यापारी होता, बहुतेक वेळा तोट्यात होता आणि जन्मभर कवी होता. आपल्यापैकी अनेकांच्या मुखी असलेले कल्याणमंदिर स्तोत्राचे हिंदी रूपांतर कविवर बनारसीदासांचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते; त्यापलीकडे त्यांची ओळख सहसा होत नाही. त्यांचे चरित्र सांगताना त्यांच्या कवितेचे छंद, यमक व अलंकार बाजूला ठेवता येत नाहीत. या माणसाने आयुष्याची आणि अक्षरांची मोजदाद एकाच काटेकोर हिशेबाने केली आहे आणि ती दोन्ही खाती वाचकासमोर उघडी ठेवली आहेत.

विक्रम संवत १६४३ म्हणजे इ.स. १५८६-८७ च्या माघ महिन्यात जौनपूर येथे श्रीमाळ ज्ञातीच्या, बिहोलिया गोत्राच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. मुलाचे नाव प्रथम विक्रमाजित ठेवले होते. तान्ह्या मुलाला घेऊन कुटुंब काशीला पार्श्वनाथांच्या पूजेस गेले, तेव्हा तेथील पुजाऱ्याने ध्यान लावल्याचा आविर्भाव करून प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव मुलाला द्यावे असे सांगितले आणि विक्रमाजिताचा बनारसीदास झाला. पुजाऱ्याचे ते ध्यान खोटे होते हे कवीने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या नावाची जन्मकथाही त्यांनी भाविकपणे सजवली नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बालपणी व्यापाराचे पहिले पाऊल कवड्यांच्या खरेदी-विक्रीत पडले. पहिल्या कमाईचे आजीला इतके कौतुक झाले की तिने गोडधोड वाटले. अकराव्या वर्षी लग्न झाले. पंडित देवदत्तांकडे नाममाला, ज्योतिष व अलंकार यांचे अध्ययन झाले आणि पुढे भानुचंद्र नावाच्या यतींकडे व्याकरण व श्रुतबोध हा संस्कृत वृत्तांचा लहानसा ग्रंथ त्यांनी अभ्यासला. श्रुतबोधाने लघु-गुरूची जी शिस्त लावली ती शेवटपर्यंत टिकली. परंतु त्या वयात विद्येपेक्षा प्रेमाचा नाद मोठा होता. वडिलांच्या पेटीतून रत्ने चोरून प्रेयसीला पान-मिठाई पाठविण्यापर्यंत मजल गेली. चौदाव्या वर्षी नवरसांवर त्यांनी सुमारे एक हजार दोहे-चौपायांचा ग्रंथ रचला. नाव नवरसांचे असले तरी त्यात भरणा शृंगाराचाच होता.

इ.स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपूरला आली. बनारसीदास जिन्यावर बसले होते. बातमी ऐकताच भोवळ येऊन खाली कोसळले व कपाळ फुटले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. गावात दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने पुरले, श्रीमंतांनी उंची वस्त्रे काढून जाडेभरडे अंगावर चढविले, म्हणजे लुटारूंना कोण धनिक व कोण गरीब हे कळू नये. नवा बादशहा गादीवर बसल्याचे पत्र येईपर्यंत सुमारे दहा दिवस हे असे चालले. राज्यक्रांतीचे वर्णन करणारे इतिहासकार पुष्कळ आहेत, पण बाजारपेठेला काय वाटले हे इतक्या थोडक्यात सांगणारा क्वचितच कोणी असेल.

त्यानंतर लवकरच एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांसमवेत बसून ते आपला नवरसांचा ग्रंथ वाचून दाखवीत होते. वाचता वाचता त्यांच्या मनात आले की एक असत्य बोलणाराही दुर्गतीला जातो, मग ज्याने असत्याची पोथीच रचली त्याचे काय? त्यांनी ती पोथी नदीत टाकून दिली. मित्र हळहळले, पाने सुटी होऊन प्रवाहात पसरली व ती परत गोळा करणे कोणालाच शक्य झाले नाही. मराठी वाचकाला येथे इंद्रायणी आठवल्यावाचून राहणार नाही. परंपरेप्रमाणे १६०८ मध्ये जन्मलेले तुकाराम महाराज हे बनारसीदासांचे समकालीन, तेही वाणी, तेही व्यापारात बुडालेले. तुकोबांचे अभंग इतरांच्या आग्रहाने पाण्यात गेले आणि ते तरले अशी आपली श्रद्धा आहे. बनारसीदासांनी आपले पद्य स्वतःच बुडविले आणि ते परत यावे अशी त्यांची इच्छाही नव्हती. मात्र त्यांनी टाकली ती पोथी. छंद हाताशी ठेवला. पुढची सारी रचना त्याच दोहा-चौपईच्या वाटेने सुरू झाली.

साधारण १६१० च्या सुमारास वडिलांनी त्यांना स्वतंत्र व्यापारासाठी आगऱ्यास पाठविले. बरोबर जवाहीर, २० मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड असा माल होता. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले, रात्र चौकीदारांच्या झोपडीत काढावी लागली. आगऱ्यात धंदा जमला नाही. काही रत्ने विजारीच्या नाडीत बांधलेली होती, ती नाडी तुटून हरवली. काही उंदरांनी पळविली. चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे वाचून हसूही येते आणि पोटात गोळाही येतो, कारण वडिलांनी विश्वासाने दिलेला पहिला माल बुडविण्याचे दुःख काय असते हे पेठेतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. अखेर खिशात काही उरले नाही, तेव्हा ते एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवले. रात्री घरी बसून मधुमालती व मृगावती ही प्रेमकाव्ये ते गाऊन वाचीत आणि दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. कचोरीवालाही त्यांत असे. उधारी पुढे त्यांनी चुकती केली, हे सांगावयास ते विसरलेले नाहीत.

धर्मदास, नरोत्तमदास यांच्याबरोबर भागीदारीत काही काळ धंदा सावरला. एकदा प्रवासात खोटी नाणी चालविणारे समजून त्यांना व सहप्रवाशांना धरले गेले व सुळावर चढविण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ओळखीचा माणूस निघाला म्हणून जीव वाचला. आगऱ्यात प्लेग आला. तीन लग्ने झाली. हे सर्व घडत असताना १६१३ मध्ये त्यांनी दोह्यांत नाममाला नावाचा शब्दकोश रचला. कोशासाठी दोहा हा चांगला साचा आहे: पहिल्या व तिसऱ्या चरणात १३ मात्रा, दुसऱ्या व चौथ्यात ११, सम चरणांच्या शेवटी यमक. शब्द लक्षात राहावेत म्हणून यमकाचा खुंटा आणि जागा वाया जाऊ नये म्हणून ४८ मात्रांची मर्यादा.

इ.स. १६२३ मध्ये खैराबाद येथे अर्थमल्ल ढोर यांनी त्यांच्या हाती समयसारावरील राजमल्लांची भाषाटीका दिली. आचार्य कुंदकुंदांच्या प्राकृत गाथांवर आचार्य अमृतचंद्रांनी संस्कृतात आत्मख्याती टीका लिहिली व तिच्यात कलशरूप श्लोक गुंफले. त्या कलशांचा अर्थ राजमल्लांनी लोकभाषेत उलगडला होता. ग्रंथ मोठा, पण तयारी अपुरी. निश्चयनयाचा अर्धवट बोध होऊन बनारसीदासांनी सर्व क्रियाकांड सोडून दिले. तीन मित्रांसह खोलीत दार लावून नग्न होऊन आपणच मुनी झालो असे म्हणत नाचण्यापर्यंत हा प्रकार गेला. लोकांनी निंदा केली व कुचेष्टेचे नाव ठेवले. १६३५ मध्ये पंडित रूपचंद आगऱ्यास आले व त्यांनी गोम्मटसाराचे वाचन केले. गुणस्थानांच्या क्रमाने क्रिया व ज्ञान यांची संगती लागली आणि मन स्थिर झाले. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १६३६ मध्ये, समयसार नाटक पूर्ण झाले. त्यांच्या अध्यात्ममताचे पुढे खंडनही झाले; मेघविजय उपाध्यायांनी युक्तिप्रबोध हा ग्रंथच त्यासाठी लिहिला. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. काव्याचा गुण दोन्ही पक्षांना मान्य व्हावा असाच आहे.

या ग्रंथाला नाटक का म्हटले? अमृतचंद्रांनीच आपल्या टीकेत जीव, अजीव, आस्रव, बंध इत्यादी तत्त्वे रंगभूमीवर वेष घेऊन येतात व ओळखली जाताच निघून जातात, असे रूपक योजले आहे. बनारसीदासांनी ते रूपक उचलले आणि त्याला आगऱ्याच्या बाजाराचे कपडे चढविले.

मंगलाचरणातील पार्श्वनाथस्तुती पाहा. एकतीसा, म्हणजे प्रत्येक चरणात ३१ अक्षरे, असे चार चरण. एकूण १२४ अक्षरे. त्यांपैकी प्रत्येक चरणाचे शेवटचे अक्षर तेवढे गुरू, बाकीची सर्व १२० लघू. कुठेही काना नाही, दीर्घ वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. सप्त या शब्दातील जोडाक्षर टाळण्यासाठी त्यांनी तो फोडून सपत असा केला. चौथ्या चरणाच्या शेवटी यमकात कवीचे स्वतःचे नाव येते, परंतु त्या नावात ना हे अक्षर गुरू आहे. तेव्हा कवीने आपल्याच नावाचा काना काढून टाकला व बनरसी असे लिहिले. ज्या प्रभूंच्या नगरीवरून हे नाव मिळाले त्यांच्या वंदनेत ते नाव एका मात्रेने लहान होऊन उभे राहते. हा निव्वळ छंदाचा नाइलाज म्हणावा की विनय म्हणावा, हे ज्याने त्याने ठरवावे. प्रस्तुत लेखकाला विनय वाटतो.

दुसरे उदाहरण कापडाचे आहे आणि ते निवडण्यात पक्षपात झाला असे कोणी म्हटले तर नाकारता येणार नाही. एक मनुष्य धोब्याच्या घरी जाऊन दुसऱ्याचे वस्त्र आपले समजून पांघरतो. खरा मालक येऊन हे माझे आहे असे सांगतो. खूण ओळखताच तो ते सोडून देतो. तसाच जीव अनादिकाळापासून पुद्गलाला आपले मानत आला आहे आणि भेदज्ञान होताच तो परभाव सोडतो. दृष्टांत मूळ टीकेतला आहे. बनारसीदासांची कारागिरी मांडणीत आहे. चार चरणांपैकी पहिले दोन दृष्टांताला, पुढचे दोन दार्ष्टांतिकाला. जसे आणि तसे यांचे माप बरोबर निम्मे-निम्मे. आणि यमकाच्या जागी चार क्रियापदे आहेत: पहिल्या चरणाअंती आपले मानून राहणे, दुसऱ्याअंती त्यागभाव लाभणे, तिसऱ्याअंती विभावात वाहत जाणे, चौथ्याअंती स्वभाव ग्रहण करणे. नुसती चारही यमके ओळीने वाचली तरी संसारापासून भेदज्ञानापर्यंतचा प्रवास कळतो. यमक म्हणजे केवळ कानाला गोड लागणारा नाद असे आपण समजतो. येथे अर्थाचा सगळा भार यमकावर आहे.

तिसरेही वस्त्राचेच. कोऱ्या पांढऱ्या कापडाला तुरटी, लोध व हिरडा यांचे पूट दिल्यावाचून ते मंजिष्ठाच्या रंगात बुडविले, तर कितीही काळ भिजत ठेवा, लाली आत शिरत नाही. त्याप्रमाणे राग, द्वेष व मोह यांचे पूट नसलेल्या सम्यग्दृष्टीला परिग्रहाचा रंग चढत नाही. अमृतचंद्रांचा मूळ कलश स्वागता वृत्तात आहे, ११ अक्षरांचे चार चरण, एकूण ४४ अक्षरे. त्यात पूट न दिलेले वस्त्र आणि रंग एवढाच निर्देश आहे. हिंदी सवैयात १२४ अक्षरांची जागा मिळाली आणि तीत तुरटी, लोध, हिरडा, मंजिष्ठ ही सामग्री नावानिशी आली. आजच्या रासायनिक रंगांच्या काळात मंजिष्ठाचा रंग पेढीवर फारसा येत नाही. परंतु पूट बरोबर बसले नाही तर पहिल्याच धुण्यात रंग उतरतो आणि गिऱ्हाईक दारात येते, हे रंगारी आजही सांगेल. नेमक्या तीन गोष्टींचे पूट आणि तिकडे नेमके तीन विकार, ही जुळणीही लक्षात घ्यावी. असेच सोन्याचे: मुशीत हिणकस धातू मिसळले तरी सोने सोनेच राहते आणि सराफ कसोटीवरची रेघ पाहून कसाप्रमाणे दाम देतो. जवाहिऱ्याच्या मुलाला हा दृष्टांत शोधावयास दूर जावे लागले नसेल.

आता ताळेबंदाकडे वळतो. ग्रंथाच्या शेवटी कवीने स्वतःच हिशेब दिला आहे. दोहे व सोरठे मिळून ३१०, एकतीसा २४५, चौपाया ८६, तेईसा सवैये ३७, छप्पय २०, कवित्त १८, अडिल्ल ७, कुंडलिया ४, एकूण ७२७. बेरीज करून पाहिली, बरोबर जमते. पुढे ते असेही सांगतात की ३२ अक्षरांचा एक श्लोक या मापाने ग्रंथ १७०७ श्लोकांचा भरतो. हे माप हौसेचे नव्हते. लेखनिकांना नकलेची मजुरी या श्लोकसंख्येवर मिळत असे. शिवाय मजकूर गळला किंवा घुसडला तर हिशेबावरून चोरी पकडता येई. मालाच्या गाठीवर वार लिहावेत तसे हे आहे.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आकडा दिसला की ताळा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून थोडे अधिक गणित केले. १७०७ श्लोकांची ५४,६२४ अक्षरे होतात. २४५ एकतीसांची, प्रत्येकी १२४ प्रमाणे, ३०,३८० अक्षरे होतात. म्हणजे पद्यसंख्येत तिसऱ्या हिश्शाएवढा असलेला हा एक छंद ग्रंथाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतो. दोहे संख्येने सर्वांत जास्त, परंतु ते बहुधा दुवा जोडण्याचे, विषय मांडण्याचे काम करतात. तत्त्व उलगडावयाचे असले की कवी एकतीसाकडे वळतो. १६ अक्षरांवर विसावा, मग १५ अक्षरे. इतकी लांब ओळ असली म्हणजे दृष्टांत पूर्ण सांगता येतो आणि श्रोत्याला श्वास घ्यावयासही जागा मिळते. कीर्तनात साकी-दिंडी ऐकलेल्या कानाला हा फरक मोठ्याने वाचताच कळेल. याच्या उलट कल्याणमंदिरात झाले आहे. तेथे १४ अक्षरी वसंततिलकेचे भारदस्त श्लोक त्यांनी मुख्यतः १५ मात्रांच्या चौपईत उतरविले. तेथे विस्तार नाही, संक्षेप आहे, कारण स्तोत्र घरोघर पाठ व्हावयाचे होते. प्रयोजन पाहून भांडे निवडणारा हा कवी आहे.

१६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून आपली अर्धी कथा झाली, म्हणून त्याचे नाव अर्धकथानक. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. वर सांगितलेली रत्नचोरी, उंदीर, कचोऱ्या, खोलीतला नाच, सर्व याच ग्रंथातून आले आहे. भाषा मध्यदेशाची बोली आहे असे ते आरंभीच सांगतात. आणि छंद? एकतीसावर इतके प्रभुत्व असलेल्या कवीने येथे मुख्यतः दोहा व चौपई वापरली. चौपईच्या चरणात १५ मात्रा, शेवटी गुरू-लघू. ओळ सुरू होते न होते तोच संपते. तारीख, गाव, माल, भाव, नफा-तोटा एवढे लिहावयास ती पुरते, फुलोरा करावयास पुरत नाही. आत्म्याविषयी बोलताना लांब ओळ आणि स्वतःविषयी बोलताना आखूड ओळ, ही निवड नकळत झाली असेल असे वाटत नाही. याही ग्रंथाची पद्यसंख्या त्यांनी शेवटी नोंदविली आहे: ६७५.

या ग्रंथात अलंकार विरळ आहेत, म्हणून जो येतो तो मनाला लागतो. तीन पत्नींपासून त्यांना नऊ मुले झाली व एकही जगले नाही. हे त्यांनी एका दोह्यात सांगितले आहे. त्याची पहिली ओळ म्हणजे नुसते अंक आहेत: नऊ झाली, नऊ गेली, नवरा-बायको दोघे उरलो. दुसऱ्या ओळीत एकच उपमा, पानगळीनंतर ठूंठ होऊन राहिलेल्या झाडाची. २४ मात्रा हिशेबाला, २४ मात्रा दुःखाला. विलाप नाही, कर्माला दोष नाही, विशेषण तर एकही नाही. ज्याच्या घरी असे घडले असेल त्याने हा दोहा मुळातून काढून वाचावा. त्यानंतर कवी आपले गुण मोजतो, आपले दोष मोजतो, आणि उत्तम, मध्यम व अधम या तीन प्रकारच्या माणसांत स्वतःला मध्यम प्रकारात बसवितो.

उरलेली अर्धी कथा लिहिण्याइतके आयुष्य मात्र त्यांना लाभले नाही. अर्धकथानकानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे निधन झाले. आगऱ्याच्या अध्यात्ममंडळीतील जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या लहान रचना गोळा करून १६४४ मध्ये बनारसी विलास या नावाने एकत्र केल्या. कल्याणमंदिर आपल्यापर्यंत पोहोचले ते याच संग्रहाच्या आधाराने. अर्धकथानक दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिले. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून, हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातर्फे, ते संपादून छापले आणि १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. समयसार नाटकाच्या सटीक आवृत्त्या आज सहज मिळतात. शक्य झाल्यास शेवटचे हिशेबाचे पद्य आधी वाचावे व मग पहिल्या पानावरच्या पार्श्वनाथस्तुतीतील लघू अक्षरे बोटावर मोजून पाहावीत.